धुऱ्यावरचा स्टॉपर

धुरा गेला हे इंद्रकुमारला मंडईच्या दिवशी सकाळी सात वाजता कळलं, आणि आपल्याला टीममधून काढणार आहेत हे सात वाजून दोन मिनिटांनी. दोन्ही बातम्या त्याच्या बायकोनं, रेणूनं आणल्या. ती गवताचा भारा घेऊन बांधीकडून आली आणि भारा डोक्यावरून न उतरवताच बोलली, म्हणजे बातमी मोठी होती.

"तुमचा धुरा नाही जी तिथं."

"नाही म्हंजे?"

"नाही म्हंजे नाही. तुमच्या मोठ्या भाऊनं काल जेसीबी लावली. गोलपासून गोलपर्यंत ताट करून ठेवलं ताट."

पिपरटोल्याचं फुटबॉल ग्राउंड म्हणजे हलक्या धानाच्या दोन बांध्या, दोन भातखाचरं. एक इंद्रकुमारच्या बापाची, बिसराम पटलेची, आणि एक शेजारच्या बकारामची. दिवाळीपर्यंत धान कापून होतं. मग पोरं आतले बारके धुरे, खाचरातले बांध, फोडतात, मंडईच्या म्हणजे गावजत्रेच्या दिवशी मॅच होते, आणि आठवड्याभरात ज्याचे धुरे त्याला परत बांधून देतात. दोघांच्या हद्दीवरचा मोठा बांध तेवढा फुटत नसे. बकाराम म्हणायचा, मॅच एका दिवसाची, सातबारा जन्माचा. त्यामुळे पूर्वेकडच्या गोलसमोर गुडघाभर उंच धुरा आडवा पडलेला असायचा, आणि त्याच्यामागे इंद्रकुमार, स्टॉपर, पाच नंबर, गल्ल्यावर दुकानदार बसतो तसा निवांत उभा असायचा. समोरच्या टीमचा माणूस बॉल घेऊन जोरात यायचा, धुऱ्याला अडखळून तोंडावर पडायचा, आणि इंद्रकुमार बॉल घेऊन पुढे मारून द्यायचा. अशी बावीस वर्षं झाली. दुसऱ्या हाफात बाजू बदलल्या की पिपरटोला गोल खायचा, पण ते दुसऱ्या हाफाचं नशीब, इंद्रकुमारचं नाही, असं इंद्रकुमार म्हणायचा.

"आन स्टॉपर त्याईच्या रोशनले करून राह्यले म्हनते," रेणू म्हणाली. आता तिनं भारा उतरवला.

इंद्रकुमारनं तोंडातली निंबाची काडी काढली. चव्वेचाळिसाव्या वर्षी जागा जाते, हे त्याला समजत होतं. तो बैलांचा व्यवहार करणारा माणूस होता. पण त्याच्या डोक्यात पहिल्यांदा आला तो श्यामलाल.

नऊ वर्षांपासून मंडईची मॅच बोदलकशाच्याच टीमसोबत व्हायची. ही टीम कोणी ठरवली ते गावात कोणाला आठवत नव्हतं. इंद्रकुमारला आठवत होतं. त्यानंच ठरवली होती, कारण त्याचा धाकटा भाऊ श्यामलाल बोदलकशाला घरजावई होऊन गेला होता आणि तिकडच्या टीमचा फॉरवर्ड झाला होता. ज्या दिवशी तो गेला त्या दिवशी बिसरामनं अंगणात उभं राहून सांगितलं होतं, "लेकी जातेत घर सोडून. लेक गेला त मी त्याचं तोंड पाहनार नाही. आन ह्या घरातलं कोनी त्याच्या दारी जानार नाही." पटल्यांच्या घरात म्हाताऱ्याचा शब्द कोणी मोडत नसे. पण फॉरवर्ड अंगावर आला तर स्टॉपरनं काय करायचं, यावर म्हातारा काही बोलला नव्हता. वर्षातून एकदा, दुपारी तीन ते चार, इंद्रकुमार आपल्या भावाला खांद्याला खांदा लावून मार्क करायचा. तेवढीच काय ती त्यांची भेट.

त्यानं काडी परत तोंडात घातली आणि अंगणात गेला.

*

अंगणात चंद्रकुमारनं मीटिंग लावली होती. तो सगळ्यांत मोठा भाऊ. गोंदियात धान्याचं दुकान काढून त्याला वीस वर्षं झाली होती आणि तिथं त्याला मीटिंगची सवय लागली होती. सगळ्यांना बोलू द्यायचं, मान हलवायची आणि आपण आधी ठरवलेलं तेच ठरवायचं. घरातही ही पद्धत आणावी असं त्याला फार वाटायचं. पण घरचे लोक व्यापाऱ्यांसारखे समजूतदार नव्हते.

"देखो, बात सीधी है," तो म्हणाला. "इंद्र माझा भाऊ हाय. पन चव्वेचाळीस सालाचा स्टॉपर कुठं असते? माझा पोरगा म्हनून नाही सांगत, पन रोशन कॉलेजच्या टीममधी खेळते. बावीसचा हाय. मागच्या साली आपन तीन गोल खाल्ले."

"चार," बकाराम म्हणाला. तो बाजेच्या कडेवर बसून बशीतला चहा फुंकत होता. पिपरटोल्याची एकही मॅच त्यानं चुकवली नव्हती, आणि एकाही मॅचबद्दल चांगलं बोलला नव्हता.

"चार. सारे दुसऱ्या हाफातले."

"आन पहिल्या हाफात एक बी नाही," रीता म्हणाली. ही तिघा भावांची बहीण, मंडईसाठी माहेरी आली होती. आत सुवाऱ्या तळल्या जात होत्या आणि रीता दर दोन मिनिटांनी एक गरम सुवारी घेऊन बाहेर येत होती. "अनुभव हाय न त्याले."

"अनुभव म्हंजे का व ताई? ज्याले धावता येत नाही त्याले लोक अनुभवी म्हनतेत." बकारामनं बशी खाली ठेवली. "पहिल्या हाफात धुरा होता माझा. त्या धुऱ्यावर मी दर साली तूर लावतो. माझ्या तुरीच्या खुटांनी जेवढे फॉरवर्ड पाडले तेवढे इंद्रकुमारनं नाही पाडले."

"मंग धुरा फोडू काऊन देल्ला?" इंद्रकुमारनं विचारलं. "बावीस सालं सातबारा सातबारा करत होतास."

बकारामनं मान खाली घातली. "भाऊनं माइक देतो म्हटलं. कॉमेंट्री करासाठी."

"एका माइकसाठी हद्द देल्ली?"

"रातच्या नाटकवाल्याचा माइक हाय गा. चारी टोल्यावर ऐकू जाते."

"बरं, अन मी डोक्यानं काढलेला तो बॉल? गोललाइनवरून काढला होता. तो बी धुऱ्यानं काढला का?"

"तो बॉल तुह्या डोक्यावर आपून आला होता. तू वाकून पायातला काटा काढून राह्यला होतास."

चंद्रकुमारला हे सगळं छान चाललंय असं वाटलं. आता फक्त दोन-तीन माना हलायला हव्या होत्या. रोशन खाटेच्या पायथ्याशी बसला होता, नवीन बूट मांडीवर घेऊन. पोरगा शहाणा होता, मोठ्यांमध्ये बोलत नव्हता. आता बोलला, तेही गोड.

"काकाजीले मी कोच म्हनून मानतो. ते बाहेर बसून सांगतील, मी अंदर खेळीन."

"बाहेर बसून," इंद्रकुमार म्हणाला.

"खुर्ची देऊ ना."

"हौ बापा. खुर्ची देशीन."

चंद्रकुमारनं घाईनं विषय रेणूकडे नेला. बायको नवऱ्याचीच बाजू घेणार, मग म्हणता येईल की घरच्यांचं सोडा, बाहेरच्यांचं काय मत आहे. "रेणू, तू सांग."

रेणू दारातच उभी होती. "रोशनले घ्या," ती म्हणाली आणि आत गेली.

रीताचा सुवारी खाणारा हात थांबला. इंद्रकुमार रिकाम्या दाराकडे पाहत राहिला. चंद्रकुमारला कळेना की जिंकल्याचा आनंद आत्ता करायचा की थोडं थांबून.

राहिला फक्त बिसराम. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्याचं मत सगळ्यांना पाठ होतं. इंद्रकुमारच्या खेळाला घरात सगळ्यांत जास्त नावं तोच ठेवायचा. म्हातारा बैल म्हणायचा, मोडकं फाटक म्हणायचा. नवल एवढंच, की नऊ वर्षांत त्यानं इंद्रकुमारचा खेळ पाहिलाच नव्हता. श्यामलालचं तोंड पाहायचं नाही म्हणून तो मॅचला खुर्ची उलटी लावून बसायचा. फॉरवर्ड श्यामलाल ज्या गोलकडे धावणार, त्याच्या विरुद्ध दिशेला तोंड. हाफटाइमला बाजू बदलल्या की खुर्चीही फिरवून घ्यायचा. आणि श्यामलाल चुकून या बाजूला आला, तर तेवढा वेळ स्वतःच्या चपलेकडे पाहायचा.

"बाबा," चंद्रकुमार म्हणाला, "तुमी बोला म्हंजे फायनल."

"इंद्रकुमारच खेळन," बिसराम भिंतीला म्हणाला.

आतमध्ये कढईचा आवाज तेवढा राहिला.

"पन बाबा, तुमीच तर..."

"त्या पोराजवळ बूट हायेत. बांधीत बूट घालून उतरते का कोनी? धान देते ती जागा."

"मी खाली पायानं खेळतो ना आजोबा," रोशन म्हणाला आणि बूट लगेच बाजूला ठेवले.

इतक्या लवकर दुसरं कारण बिसरामला सुचलं नाही. "मंग एक गोल होऊ द्या," तो शेवटी म्हणाला. "गोल झाला का हा बाहेर, तो अंदर. आता जा. मले झोपू द्या."

सकाळचे साडेआठ वाजले होते आणि म्हातारा पाच वाजल्यापासून जागा होता. तरी सगळे उठले.

*

सुशिलाबाईनं सुनेला गोठ्यात गाठलं. रेणू म्हशीखालचं शेण ओढत होती, गरजेपेक्षा जोरानं.

"काऊन व, नवऱ्याच्या विरुद्ध बोललीस?"

"त्याईचे पाय पाहा न आत्याबाई. मॅच झाली का पंधरा दिवस गरम पान्यानं शेकते मी. रोवण्याच्या वेळी वाकता येत नाही माणसाले. अन कायच्यासाठी? एक तास भावाच्या मागं धावासाठी." तिनं खराटा टेकवला. "बस जाते न बोदलकशाले. इथून गोंदिया, गोंदियावरून तिरोडा, तिथून आटो. दुपारी निघालं का दिवस बुडाच्या आत पोचते मानूस. नऊ साल झाले. त्याईले म्हटलं चला, त म्हनतेत बाबाचा शब्द हाय."

"बसनं गेला त भेटाले गेला होते," सुशिलाबाई म्हणाली. "मॅचमधी त तो आपून सापडते."

रेणूला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. सासू खरंच बोलत होती. या घरात श्यामलालची बातमी कशी फिरते ते रेणूला तिच्या सासऱ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मॅच झाली की इंद्रकुमार पाय शेकून घेताना तिला सांगायचा. ती पीठ मळताना सुशिलाबाईला सांगायची. सुशिलाबाईनं बिसरामला सांगायचं म्हणजे शब्द मोडला. म्हणून ती दुसऱ्या दिवशी दूध काढताना म्हशीला सांगायची, जरा मोठ्यानं. "ऐकलंस का व, श्यामले पोरगी झाली. खुशी नाव ठेवलं." "ऐकलंस का, श्यामनं तलावाकडच्या बांधीत भाजी लावली औंदा." आणि बिसराम नेमका त्याच वेळी गोठ्यात काहीतरी शोधायला यायचा. कधी दावं, कधी विळा. एकदा तो नसलेली छत्री शोधत पाऊण तास उभा होता, कारण त्या वर्षी श्यामलालला विषमज्वर झाला होता आणि सांगायला बरंच होतं.

त्या म्हशीला बोदलकशाची जेवढी माहिती होती, तेवढी तिरोड्याच्या तलाठ्याला नसेल.

"म्हनून मामाजीनं त्याईले ठेवलं," रेणू हळूच म्हणाली.

"का जाने बाप्पा." सुशिलाबाईनं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. "पन आता गोल नाही झाला पायजे."

"धुरा नाही न आत्याबाई."

"हौ," सुशिलाबाई म्हणाली. "तेच त."

*

तीन वाजता मॅच सुरू झाली. बांधीच्या चारी बाजूंनी मंडई भरली होती. एका अंगाला जिलेबीची कढई, दुसऱ्या अंगाला बांगड्यांची पाटी, नाटकाच्या अर्ध्या उभ्या राहिलेल्या स्टेजवर बकाराम माइक घेऊन. बिसरामची खुर्ची रेषेला लागून होती, तोंड पश्चिमेकडे. इंद्रकुमार पूर्वेकडच्या गोलसमोर. बोदलकशाची टीम त्याच गोलवर येणार होती.

श्यामलाल आला. चाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, चाल अजून तीच, थोडी डावीकडे झुकलेली. इंद्रकुमारनं त्याला खांदा लावला.

"धुरा कुठं गेला गा दादा?"

"भाऊनं फोडला."

"आता तुह्यासंगं कोन खेळन मंग?"

"गप धाव."

ते दोघं धावले. बॉल पलीकडच्या कोपऱ्यात होता, त्यामुळे त्यांना धावायचं काही कारण नव्हतं, पण उभं राहून बोललं तर लोक पाहतात. "श्यामलालला इंद्रकुमारनं टाइट धरलेलं हाय," बकाराम माइकवर म्हणाला, "आता इंद्रकुमारले कोनी धरा, पडन तो."

"माय कशी हाय?"

"बरी हाय. तुही पोरगी?"

"तिसरीत गेली. परवा विचारे, बाबूजी, आजा कसा दिसते? मी म्हटलं, बेटा, मले बी पाठीकडूनच माहीत हाय." श्यामलाल हसला. मग हसणं थांबलं. "दादा, मी पुढच्या साली नाही येत."

"काऊन?"

"आमच्या इथले पोरं म्हनतेत, काकाले बसवा. औंदा हात जोडून आलो. म्हटलं, एकच मॅच. ते म्हने, तुमी बॉलकडं पाहतच नाही, त्या स्टॉपरसंगं गप्पा मारता."

इंद्रकुमारचं धावणं थांबलं. दोन गावांत एकाच आठवड्यात एकच चर्चा झाली होती आणि दोन्ही गावांचं म्हणणं बरोबर होतं.

"मंग आपन..." तो म्हणाला. पुढे काय ते त्यालाही माहीत नव्हतं.

"ऐक. मायले एक सांग," श्यामलाल म्हणाला. "तिले सांग का मी..."

आणि बॉल आला. उंच, सरळ, दोघांच्या डोक्यावरून. इंद्रकुमार वळून धावला. बावीस वर्षांचा सराव होता. अमुक जागी धुरा येतो, तिथं डावा पाय उचलायचा, धुऱ्यावर टेकायचा, पलीकडे उतरायचं. त्यानं डावा पाय उचलला. धुऱ्यावर टेकवला. धुरा नव्हता. पाय हवेतून जेवढा खाली जायला हवा होता त्यापेक्षा गुडघाभर जास्त गेला, आणि इंद्रकुमार सपाट, ताटासारख्या, पडायला काहीच कारण नसलेल्या जमिनीवर असा पडला की जिलेबीवाल्यानंही झारा थांबवला.

बॉल हळूहळू गोलमध्ये गेला. बोदलकशाची पोरं नाचली. श्यामलाल नाचला नाही. तो भावाची पोटरी दोन्ही हातांनी दाबत बसला होता.

"नसलेल्या धुऱ्याले अडखळून पडनारा स्टॉपर म्या आज पहिल्यांदा पाह्यला," बकाराम माइकवर म्हणाला. मग त्यालाच वाईट वाटलं असावं. तो खाकरला आणि पुढे बोलला नाही.

*

इंद्रकुमारला दोघांनी उचलून आणलं आणि बिसरामच्या खुर्चीजवळ खाली बसवलं. रोशन आत गेला, अनवाणी, उड्या मारत.

बिसराम समोर पश्चिमेकडे पाहत होता. तिकडे कोणीच नव्हतं. फक्त त्यांचा स्वतःचा फॉरवर्ड कमरेवर हात ठेवून उभा होता.

"का म्हने?" बिसरामनं विचारलं.

इंद्रकुमारला वाटलं म्हातारा पायाबद्दल विचारतोय. "लचकला. टाच..."

"पायाचं नाही विचारलं."

नऊ वर्षांत पहिल्यांदा मधली म्हैस निघून गेली होती. इंद्रकुमार बापाच्या चपलेकडे पाहत म्हणाला, "पुढच्या साली नाही येत म्हने. त्याले बी काढून राह्यले."

बिसरामनं मांडीवरचा हात उचलून परत मांडीवर ठेवला.

"आनखी?"

"मायले काही सांगाचं होतं. सांग का मी, म्हने, आन बॉल आला."

"का मी... पुढं का?"

"माहीत नाही बाबा. तेवढंच बोलला."

पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग बिसराम उठला, खुर्ची उचलली, पूर्वेकडे तोंड करून ठेवली आणि बसला. हाफटाइमला अजून वेळ होता. रेषेवरची माणसं एकमेकांना कोपर मारू लागली. स्टेजवरून बकारामनं ते पाहिलं आणि माइकचं बटण बंद केलं. त्याच्या अंगात एवढी लाज आहे हे कोणाला माहीत नव्हतं.

बिसरामनं पाहिलं तर श्यामलाल एकटा उभा होता. रोशन त्याच्यापासून पंधरा पावलं लांब.

"रोशन," बिसराम ओरडला, "त्याच्याजवळ राह्य."

"आजोबा, झोन हाय हा," रोशन तिकडून म्हणाला. "आता मानूस नाही धरत, जागा धरतेत."

"जागा का करतेस धरून? मानूस धर."

"पन बॉल तिकडं हाय."

"बॉल जाऊ दे. त्याले विचार, मायले का सांगाचं होतं."

रोशननं बापाकडे पाहिलं. चंद्रकुमार पाहुण्यांच्या रांगेत बसला होता, गळ्यात हार. त्यानं एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं, एकदा श्यामलालकडे, आणि पोराला हातानं खूण केली. विचार. मीटिंग न घेता केलेली त्याची ती पहिली गोष्ट असेल.

रोशन गेला. श्यामलालशी काहीतरी बोलला. बाजूनं बोदलकशाचा एक पोरगा बॉल घेऊन आरामात निघून गेला आणि दुसरा गोल झाला. कोणी नाचलं नाही, कारण बोदलकशाची पोरंही आता इकडेच पाहत होती.

"काही नाही म्हनतेत," रोशन ओरडून म्हणाला. "सहजच होतं म्हनतेत."

श्यामलाल मान खाली घालून उभा होता. एवढ्या लोकांसमोर, भाच्यापुतण्यांसमोर, कढईवाल्यासमोर. भावाच्या खांद्याशी जे बोलता आलं असतं, ते आता पोराच्या तोंडून बांधी ओलांडून पाठवायचं होतं. ते पाठवण्यासारखं नव्हतं.

बिसरामला त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता. ऊन होतं, आणि डोळेही नऊ वर्षांनी जुने झाले होते. केस पांढरे झालेत एवढं कळत होतं. पोराचे केस पांढरे होतात हे त्याला कोणी म्हशीमार्फतही सांगितलं नव्हतं. आता काय विचारायचं? शेती कशी, तर ते माहीत होतं. पोरगी कितवीत, तेही थोड्या वेळानं कळलंच असतं. नऊ वर्षांनंतर बापानं विचारावं असं काही त्याला सापडेना. म्हणून त्यानं दारात आलेल्या कोणालाही विचारतात तेच विचारलं.

"जेवला का, विचार त्याले."

रोशननं विचारलं.

"हौ म्हनतेत. जेवून आलो म्हनतेत."

बिसरामनं मान हलवली. ठीक आहे. संपलं. जेवला माणूस म्हटल्यावर पुढे काही बोलायचं राहत नाही. रेफरीनं बॉल मध्ये आणून ठेवला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला.

"खोटं बोलून राह्यला तो."

सुशिलाबाई उभी राहिली होती. "मॅचच्या दिवशी कधी जेवते तो? लहानपनापासून उपाशी खेळते. पोट जड होते म्हने."

"माय, बस न," रीता तिचा पदर धरत म्हणाली. पदर सुटला. रेणूनं धरायचा प्रयत्नच केला नाही. उलट बाजूला सरकून वाट दिली.

सुशिलाबाई चपला रेषेवर काढून बांधीत उतरली. धानाच्या खुटांतून, बाजूला न पाहता, सरळ. रेफरीनं शिटी तोंडात धरली आणि वाजवलीही. पण कोणत्या टीमविरुद्ध वाजवली हे त्याला कळेना, म्हणून त्यानं हात अर्धाच वर केला आणि तसाच ठेवला. इंद्रकुमार एका पायावर उठायला गेला. बिसरामनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. हात मात्र परत घेतला नाही.

श्यामलाल हलला नाही. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तोंडावरून हात फिरवला नाही, रडली नाही. घामानं भिजलेल्या जर्सीवरून त्याच्या सुटलेल्या पोटावर तळवा ठेवला, वासराचं पाहतात तसं. थोडा वेळ तसाच ठेवला.

मग वळून, अर्ध्या बांधीवरून, सगळ्या मंडईला ऐकू जाईल अशा आवाजात ती नवऱ्याला म्हणाली,

"ऐकलं का जी, रिकामं हाय."